सोमाजीचं झाकलेलं दुखणं

सोमाजी गेल्याचं मला वडशाच्या स्टेशनात कळलं. त्याच्यासाठी पेजेचा डबा घेऊन मी चांद्याला जाणाऱ्या छोट्या गाडीची वाट पाहत होतो, तर चांद्याहून आलेल्या गाडीतून त्याचा धाकटा भाऊ एकटाच उतरला. माझ्या हातातला डबा पाहिला आणि तो रडायलाच लागला… आज पाच आठवडे झाले, पण सोमाजीबद्दल ‘होता’ असं लिहिताना माझा हात अजून आढेवेढे घेतो.

आमच्या झाडीच्या मुलखात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला की नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की नायक सोमाजी. मी पंधरा वर्षं त्याचा पेटीवाला. त्याला दमा होता. धाप लागणाऱ्या गवयाला नायकाचं काम कोण देणार? म्हणून घरीसुद्धा बोलायचं नाही, अशी शपथ त्यानं मला घातली होती. गाता गाता दम लागला की तो रुसल्यासारखी प्रेक्षकांकडे पाठ फिरवायचा, खांब धरून उभा राहायचा, आणि त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत मी पेटीवर तीच ओळ घोळवत बसायचो. लोकांना वाटायचं, काय अभिनय आहे! टाळ्या पडायच्या. पुढे पुढे तर आसपासच्या गावांतले धडधाकट नायकही पाठ फिरवायला लागले. “पाह्य ना बे, माह्या दम्याची नक्कल करून राह्यले लेकाचे,” म्हणून सोमाजी इतका हसायचा की हसता हसता पुन्हा धाप लागायची. भारी हट्टी आणि भारी लाघवी माणूस. माझा त्याच्यावर फार जीव होता.

यंदा तापाची साथ आली. मीही अंथरूण धरलं आणि चार दिवसांत उठलो. सोमाजी उठेना, तेव्हा त्याची बायको गिरजावहिनी आणि मी त्याला चांद्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, “यांना आधीचं काही दुखणं आहे? छातीचं, हृदयाचं?” शेजारच्या खाटेवर एका नाटक मंडळीचा मॅनेजर तापानं पडलेला होता, पण कान टवकारून. सोमाजीनं उशीवरून माझ्याकडे पाहिलं. त्याला काय म्हणायचं आहे ते मला कळलं.

“नाई जी, काईच नाई,” मी म्हणालो.

पाचव्या दिवशी मॅनेजर टोपी घालून आपल्या पायांनी घरी गेला. सोमाजीची छाती मात्र भरतच गेली.

तेरावं झाल्यावर मी चांद्याला जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “ताप सगळ्यांना एकच होता हो. पण छाती आधीच अधू असली की न्यूमोनिया लवकर गाठतो. ती घरघर मी तापाचीच समजलो. दमा आहे हे ठाऊक असतं, तर पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसलो असतो. वाचलाच असता असं नाही म्हणत…” ते शेवटचं ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

परवा गिरजावहिनींकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्या तांदूळ पाखडत होत्या.

“वहिनी, डॉक्टरनं विचारलं तवा मी खोटं बोललो. सोमाजीले दमा होता. मले ठाऊक होतं.”

त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

“मले बी विचारलं होतं भाऊजी, नर्सबाईनं,” त्या म्हणाल्या. “मी बी नाईच म्हटलं. इतकी वर्सं रोज त्याहिच्या छातीले राईचं तेल मीच चोळलं ना! पन तुमाले सांगू नोको म्हणून शपथ होती. भाऊजीले समजलं तं ते मले गाऊ देनार नाई, म्हणे.”

मला सोमाजीचा राग आला, आणि त्याच रागात त्याच्याबद्दल माया दाटून आली. वहिनी उठल्या, आतून तेलाची बाटली घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. बूच लावलेली, गळ्यापर्यंत भरलेली.

“दवाखान्यात नेली होती संगं,” त्या म्हणाल्या. “तुमाले वास येईन म्हणून उघडली नाई.”