आबांची गाडी आणि उरलेला छर्रा

माझे वडील वारले तेव्हा त्यांची मोटारसायकल रडतखडत का होईना, चालत होती. दहाव्या दिवशी ती चालेनाशी झाली. मधल्या काळात गाडी माझ्या ताब्यात होती.

गाडी चोवीस वर्षांची. पोशीर ते नेरळ, नेरळ ते कर्जत, आबांनी तिच्यावरून भाताची पोती, एक शेळी आणि माझ्या लग्नातला भटजी वाहून नेला होता. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. "आईला सांभाळ." आणि, "गाडीच्या क्लच प्लेटा गेल्यात, नेरळच्या मिस्तरीकडं दे." दुसऱ्या वाक्यातला मिस्तरी मी वगळला. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. मजकुरातले जास्तीचे काढून टाकणे हाच माझा व्यवसाय.

नवव्या दिवशी, सुतकात दुसरे काम नसल्याने, व्हिडिओ बघत मी क्लच उघडला. नव्या प्लेटा बसवल्या, झाकण लावले, तेल ओतले. गोणपाटावर चवळीच्या दाण्याएवढा एक लोखंडी छर्रा उरला.

"ह्यो कशाचा रं?" काकांनी विचारले. (आबांचे धाकटे भाऊ. प्रश्न विचारण्याची सवय.)

"जास्तीचा असेल."

"कंपनी काय वाणी हाय, वर मूठभर टाकायला?"

मी क्लच दाबून पाहिला. लोण्यासारखा हलका! मी ते यश समजलो. (छर्रा नसल्याने दाब प्लेटांपर्यंत पोहोचतच नव्हता, हे नंतर कळले.)

दहाव्याच्या सकाळी काका मागे बसले. मांडीवर पिंडाचे पीठ, तीळ, दर्भ आणि आबांच्या आवडीची कांदाभजी. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि गाडीने उडी मारली.

"दाब रं, क्लच दाब!"

"दाबलाय!"

"मग सोड!"

दाबून आणि सोडून सारखाच परिणाम झाला. गाडीने अंगण, कुंपण आणि बांध या क्रमाने ओलांडले. ब्रेक नावाची सोय आठवली तेव्हा आम्ही भाताच्या खाचरात होतो. काका चिखलात बसले होते. भजी तरंगत होती.

"दादाच्या मागं मलाबी धाडतोस काय रं?"

नवे पीठ आणून नदीवर पिंड मांडायला दुपार झाली. पिंडाला कावळा शिवेपर्यंत कोणी जेवत नाही. न शिवल्यास गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला, असे मानतात. कावळा आला, उंबरावर बसला आणि तासभर तिथेच राहिला. बायकांत बसलेली आई रडू लागली. "असं उपाशी नका जाऊ ओ! कशात अडकलाव, सांगा तरी."

मी हात जोडले. "आबा, आईला सांभाळीन."

कावळ्याने पंख साफ केले.

"शेत फार्महाउसवाल्याला विकणार नाही."

कावळ्याने पाठ फिरवली.

आईने डोळे पुसले. "अरं, गाडीचं बोल."

"आबा, तुमची गाडी..."

कावळा खाली उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर थांबला.

"...मी स्वतः नीट करीन."

कावळा परत उंबरावर गेला!

"मेल्या, 'मी' नको म्हणूस!" काका ओरडले. "मिस्तरीचं बोल!"

"मिस्तरीकडे देईन, आबा. मी परत हात लावणार नाही."

कावळा शिवला. आई पुन्हा रडली, पण आताचे रडणे वेगळे होते. "चोवीस वर्षं माझ्याआधी गाडी पुसली," ती म्हणाली. "जातानाबी तेच."

नेरळच्या मिस्तरीने छर्रा दहा मिनिटांत जागेवर बसवला. गाडी काका चालवतात. आईला मी सांभाळतो. त्या वचनावर आबांनी हरकत घेतली नव्हती, हे मी अधूनमधून तिच्या लक्षात आणून देतो.

"तवा त्या कावळ्याला नीट ऐकू नाय गेलं," आई म्हणते.