कमरेला बांधलेला माग

आमच्या फ्लोरेस बेटावर विणणारीच्या कमरेलाच माग बांधलेला असतो. पोर आजारी पडलं की मागाचा कमरपट्टा सोडायचा आणि काम भिंतीला टेकवायचं. क्लोतिल्डाची थोरली गोवरानं फणफणली, तेव्हा महिनाभर पट्टा सुटला तो सुटलाच. अर्धं कापड उंदरांनी कुरतडलं. म्हणून धाकट्या रोफिनसला तिनं सगळ्या लसी वेळेवर टोचून आणल्या. सासू तेव्हा कुरकुरली होती, "पोराला रडवायची हौसच आहे तुला!"

यंदा गोवर पुन्हा आला, तोही नणंदेच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना. वरपक्षाला द्यायचं सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, विणून झालं नाही, तर घराची शोभा होणार होती. शेजारच्या दोन घरांतले माग भिंतीला टेकले. क्लोतिल्डा विणता विणता सारखं रोफिनसचं कपाळ चाचपायची.

"अगं, काही झालं नाही त्याला! कोंबड्यांमागं धावतोय. तू हात चालव," सासू ओरडली.

थोरलीची शाळा बुडाली नाही, की सासूचा केळीचा बाजार चुकला नाही. शनिवारी सारोंग मागावरून उतरलं.

लग्नात ते उलगडलं, तेव्हा व्याही बघतच राहिले. सासू मात्र आपल्या नवरी झालेल्या लेकीला सगळ्यांदेखत म्हणाली, "पोर झालं की आधी लस टोचून आण, मग मला दाखव!"