अगदी ओरिजिनल

"विज्ञानाचं हिला नको. हिचा आवाज ऐकला की ओट्यावरची खरकटी भांडी दिसतात."

हे वाक्य मी हेडफोनमधून ऐकलं. दादरच्या एका स्टुडिओत, काचेच्या खोलीत मी माईकसमोर उभी होते. काचेपलीकडे आवाज निवडणाऱ्या मॅडम आणि रेकॉर्डिस्ट. मॅडम त्याच्याशी बोलत होत्या आणि माझ्याशी बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. रेकॉर्डिस्ट हसला. मग त्याच्या लक्षात आलं. खट. आवाज बंद.

मी कागदाकडे बघत राहिले. सहावीच्या मुलांसाठी प्रकाशाचा धडा होता. एक कंपनी शाळेच्या मुलांसाठी मोबाइलवर ऐकायचे धडे बनवत होती. महिनाभर मी 'परावर्तन', 'किरण', 'आपतन कोन' घोकत होते. ण आणि न, ळ आणि ल. एकही शब्द चुकला नव्हता.

मॅडम आत आल्या. चेहरा गोड.

"छान वाचलंस गं. पण तुझ्यासाठी वेगळं आहे. मस्त कॅरेक्टर. तुमच्यातलंच आहे, तुला लगेच जमेल."

तुमच्यातलंच. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं होतं, मग राहते कुठे ते. चिंचपोकळी, चाळ. तेवढ्यावर त्यांना मी सगळी कळले होते.

आठ वर्षं मी असलेच आवाज देत होते. कामवाली. भांडकुदळ कोळीण. नळावर शिव्या देणारी. शीव कोळीवाड्याची माझी एक मैत्रीण होती कॉलेजात. इतकं हळू बोलायची की दोनदा विचारावं लागायचं. तरी मी मासेवालीचा आवाज काढायची तो किंचाळूनच. तसाच हवा असायचा. मीही दिला. हे लपवणार नाही.

विज्ञान मला आवडायचं. दहावीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क मलाच होते त्यात. बाईंनी आईला शाळेत बोलावलं. आई तेव्हा दादरला चार घरी स्वयंपाक करायची, अजूनही करते. बाई म्हणाल्या, "सायन्स झेपायचं नाही हिला. घरी विचारायला कोण आहे? तुमच्याकडच्या मुली शेवटी मध्येच सोडतात. कॉमर्स घ्या, नाहीतर पार्लरचा कोर्स."

मी रडले. आई म्हणाली, "बाई सांगतत तां आपल्या बऱ्यासाठीच सांगतत."

मी कॉमर्स घेतलं. कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. एका वाक्यात झालं.

म्हणून तो प्रकाशाचा धडा मला हवा होता. वाचण्यापुरता तरी.

मॅडमनी दिलेला कागद तिसरीच्या मुलांचा होता. 'आपले मदतनीस'. शेवंताबाई कामाला येते. घरातला छोटा मुलगा तिला हात कसे धुवायचे ते शिकवतो. शेवंताबाई म्हणते, "अगो बाय, मला न्हाय म्हाईत जंतू का काय ते."

अशी बोली आमच्या चाळीत कुणीच बोलत नाही. आई मालवणी बोलते. आणि कणकेला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत धुते.

तरी मी वाचलं. एका टेकमध्ये. काचेपलीकडून मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगदी ओरिजिनल!"

पान उलटलं. शेवंताबाईची मुलगी तिच्याबरोबर आलेली असते. लहान मुलीचा आवाजही मलाच काढायचा होता. मुलगा तिला विचारतो, मोठी होऊन कोण होणार? ती म्हणते, "आयेसारखी कामाला जानार!" पुढे कंसात लिहिलं होतं, आनंदाने.

मी कागद खाली ठेवला.

मॅडमनी विचारलं, "काय झालं? पाणी हवंय?"

"ही मुलगी शाळेत नाही जात?"

"कोण?"

"शेवंताबाईची मुलगी."

"अगं, ते या धड्यात नाहीये ना."

"मग तिला दुसरं काहीतरी व्हायचंय असं करू. एकच ओळ बदला."

"स्क्रिप्ट पास झालीये. आणि त्यात चुकीचं काय आहे? रिअ‍ॅलिस्टिक आहे."

"मी हे वाचणार नाही."

मॅडमचा आवाज बदलला. "बघ बाई. तुझ्यासारख्या दहा मिळतील."

मी हेडफोन काढून स्टँडला लावला. मनात शौर्य वगैरे काही नव्हतं. उद्यापासून काय करायचं, एवढंच होतं.

भीती खरी ठरली. स्टुडिओ-स्टुडिओत बोलणं पोचलं. हिला अ‍ॅटिट्यूड आहे. फोन बंद झाले. आता मी लालबागला एका मसाल्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते.

काही महिन्यांनी तिसरीतली माझी भाची घरात मोबाइलवर धडा ऐकत बसली होती. "मला न्हाय म्हाईत जंतू का काय ते." ती खदखदून हसली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"मावशी, हा तुझा आवाज आहे!"

होता. पहिलं पान त्यांनी माझंच ठेवलं होतं. मुलीची ओळ दुसऱ्या कुणीतरी म्हटली होती. आनंदाने.

आई पीठ मळत होती. हात थांबले. "ह्यो तुझोच आवाज ना गो?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती पुन्हा मळू लागली.

मी भाचीला म्हटलं, "हे खोटं आहे गं. आजीला विचार."

"पण शाळेने दिलंय," ती म्हणाली.

मी त्या कंपनीला लिहिलं, माझा आवाज काढून टाका. उत्तर आलं, आवाजाचे हक्क दिल्याच्या फॉर्मवर तुम्ही सही केली आहे. खरं होतं. सही माझीच. किती शाळांत किती मुलं तो आवाज ऐकून हसत असतील, मला कधीच कळणार नाही. आता तो माझ्या हातात नाही.

परवा एका नव्या माणसाचा फोन आला. जाहिरात आहे म्हणाला, घरकाम करणाऱ्या बाईचा आवाज हवाय, तुमचं नाव कुणीतरी सुचवलं. मी विचारलं, बाई काय बोलते? तो हसला. "तिला काय बोलायचंय, फक्त साहेबांना घाबरायचंय."

मी नाही म्हटलं. कारणही सांगितलं. त्याने फोन ठेवला. दुसरी कुणीतरी तो आवाज काढेल, हे मला माहीत आहे. तिच्याही घरी चूल आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण यापुढे कागद हातात आला की आधी शेवटची ओळ वाचणार. तिथे आमची बाई मूर्ख असेल, आमची पोर हसत हसत कामाला जात असेल, तर कागद परत. जन्मभर मसालाच तोलावा लागला तरी परत.