तळ्यापलीकडचा आवाज

लाखांदूर तालुक्यात आमच्या तळ्यापलीकडच्या भाऊंएवढा मोठा आवाज दुसऱ्या कोणाचा नाही. घरात दोन मोबाइल असून ते पलीकडच्या काठावरूनच मला विचारत, "बाबूजी, आज भाजी कायची?" माझं उत्तर तिथवर पोचत नसे आणि त्याची त्यांना गरजही नसे. बाजारात मासोळीचा ढीग लावून ते एकदाच ओरडत. दुसऱ्यांदा ओरडायची वेळ आलेली मी पाहिली नाही.

मागे त्यांच्या गळ्यात लिंबाएवढी गाठ आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉइडची अर्धी ग्रंथी काढावी लागेल. पण आवाजाची नस तिला लागूनच जाते, दोऱ्याएवढी बारीक. कितीही जपलं तरी तिला धक्का बसू शकतो.

"मंग गाठ राहू द्या," भाऊ म्हणाले.

"आवाज तीस वरसं आयकला," वहिनी म्हणाल्या. "आता मले नवरा पायजे."

भाऊंनी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, भाऊ गप्प. संध्याकाळी गप्प, दुसऱ्या दिवशीही गप्प. बोला म्हटलं की ओठ घट्ट मिटून मान हलवत. वहिनींचं जेवण सुटलं. डॉक्टरीणबाई दिवसातून पाच वेळा येऊन गेल्या. तिसऱ्या सकाळी जखमेतली निचऱ्याची नळी काढली, पट्टी लावली, आणि भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चहा भेटंल का?"

"दोन दिवस बोलला का नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नळी अंदर होती नं, म्याडम. जाळं पाण्यात असते तवा आमी बोलत नाही. मासोळी पळते."

"अन् माहा जीव पळून राहिला होता, तो नाही दिसला?" वहिनी म्हणाल्या.

तपासणीत नस शाबूत निघाली, फक्त सुस्तावलेली. काही महिन्यांत आवाज सुधारेल, असं सांगून त्यांना घरी सोडलं.

आता चौथा महिना आहे. आवाज तळं ओलांडत नाही, म्हणून भाऊ पाळीवरून, तळ्याच्या बांधावरून, चालत येतात आणि तासभर बसून हळू बोलतात. वीस वर्षांच्या ओळखीत ते माझ्या घरात बसलेले मी यंदाच पाहतो आहे. डॉक्टरीणबाईंनी आता हाक मारायची परवानगी दिली आहे. भाऊ अंगणातून हाक मारतात, मी पावलं मोजत दूर जातो. काल एकशे दहाव्या पावलावर ती स्पष्ट ऐकू आली. मी परत येऊन खरा आकडा सांगितला.

"दिवाळीपर्यंत तळं पार," भाऊ म्हणाले.

मी हो म्हटलं, आणि आत जाऊन चहा अजून एकदा ठेवायला सांगितला.