मंगळवारी न उठणारी चिप

उद्यमनगरात एका लेथ वर्कशॉपच्या माडीवर शबनम अत्तार यांचं दुकान आहे. सोळा वर्षं त्या कारखान्यांतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतात. यंत्रं एकमेकांना दोन तारांवरून आकडे पाठवतात, तिथली तक्रार बहुधा त्यांच्याकडेच येते. अशा प्रत्येक यंत्रात हरभऱ्याच्या डाळीएवढी, आठ पायांची एक चिप असते. एका तारेत दुसरीपेक्षा व्होल्टेज जास्त की कमी, एवढंच ती बघते. त्यामुळे मोटारींच्या शेजारूनही आकडे शाबूत जातात.

गेल्या हिवाळ्यात शिरोलीच्या एका फौंड्रीत ही चिप टिकेना. भट्टीच्या शेडमधले सहा तापमान मीटर शेजारच्या शेडमधल्या ऑफिसाला आकडे पाठवतात. मंगळवारी सकाळी संगणकावर काहीच दिसेना. शबनम यांनी ऑफिसाच्या टोकाची जळालेली चिप बदलली. पुढच्या मंगळवारी तीही गेली. मग त्यांनी झटके सोसणारी महाग चिप निवडली. आकडे टोकावरून परत उसळू नयेत म्हणून तारेच्या दोन टोकांना एकेक रेझिस्टर लागतो. मधल्या मीटरात कुणी तरी तिसरा बसवला होता, तो काढला. तिसऱ्या मंगळवारी तेच.

मॅनेजर उदयसिंह घाटगे फटकळ माणूस.

"मॅडम, तुमच्या चिपला सोमवारचा उपास हाय काय? मंगळवारी उठतच न्हाय."

"सोमवारी कारखान्याला सुट्टी असती, साहेब. बंद कारखान्यात तिला मारतंय कोण, तेच कळंना."

"ते तुमी शोधा. पुढच्या मंगळवारी आकडं दिसलं न्हाईत तर पुण्याची कंपनी सगळं नवं बसवणार. मग तुमचं काम संपलं."

शबनम यांचं निम्मं काम या फौंड्रीचं होतं. शिवाय असली बातमी शिरोलीभर व्हायला दुपारचा चहा पुरतो.

पुढच्या सोमवारी त्या स्वतः गेल्या. भट्ट्या थंड होत्या, पण मीटर चालू होते. वेल्डर आकाराम एकटाच भट्टीजवळ ट्रॉली सांधत होता. त्या हिवाळ्यात दर सोमवारी हेच काम होतं, कारण सुट्टीच्या दिवशीच त्याला मोकळी जागा मिळते.

ऑफिसाच्या टोकाला शबनम यांनी भट्टीकडून आलेल्या केबलमधली, तारांभोवतीची धातूची जाळी सोडवली आणि ती व ऑफिसाचं अर्थिंग यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावला. एक व्होल्टसुद्धा नव्हता. तिकडं भट्टीजवळ वेल्डिंगची ठिणगी उडाली आणि काटा तिसाकडे गेला. ठिणगी थांबली, काटा खाली. त्यांची चिप फार तर बारा व्होल्टपर्यंतचा फरक सोसते.

शबनम भट्टीकडे गेल्या.

"काका, अर्थिंगचा चिमटा कुठं लावलायसा?"

"त्यो काय, ऑफिसाच्या खांबाला. वेल्डिंगचं मशीन तिकडं, म्हणून चिमटा तिकडं."

"आणि काम इकडं?"

"लोखंडाला लोखंड जोडलेलं हाय की, ताई. वीस वर्सं असंच करतोय. ठिणगी पडती न्हवं?"

"पडती की. पण परतीची वीज खांब शोधत माझ्या केबलमधनं निघालीया."

आकारामनं तोंडावरची काच वर केली. "म्हंजे खून मीच केला म्हणा."

"निम्मा तुमी. निम्मा मी. दोन येळा चिप बदलली, पण सोमवारी एकदाबी आले न्हाई."

आकारामनं लांब तार ओढून चिमटा ट्रॉलीलाच लावला. आता ठिणगी उडाली तरी काटा हलला नाही.

तेवढ्यावर शबनम थांबल्या नाहीत. चिमटा पुन्हा खांबाला लागू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वेगळी चिप निवडली, जिच्या आत तारांची बाजू आणि यंत्राची बाजू एकमेकींना विजेनं जोडलेल्या नसतात. ती सोळा पायांची, जुन्या जागेत बसत नव्हती. त्यासाठी त्याच रात्री बसून छोटा बोर्ड करावा लागला. केबलची जाळी त्यांनी एकाच टोकाला अर्थ केली, म्हणजे तिच्यातून वीज वाहायला वाट उरली नाही.

मंगळवारी सहाही आकडे दिसले.

"उपास सोडला वाटतं तुमच्या चिपनं," उदयसिंह म्हणाले. पुण्याच्या कंपनीला त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं.

त्यानंतरच्या सोमवारी शबनम पुन्हा व्होल्टमीटर घेऊन शेडमध्ये गेल्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच आकारामनं ट्रॉलीला लावलेल्या चिमट्याकडे बोट दाखवलं.