पोळ्याच्या करीची डबकी

पोलिसांनी त्या सकाळी जप्त केलेली मोहाच्या दारूची डबकी, म्हणजे कडीचा प्लास्टिकचा कॅन, माझी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासाठी ती भरायला दिली होती त्या शाळेतल्या मित्रांनाही नाही. त्यांना एवढंच म्हणालो की यंदा सोय झाली नाही, पुलापलीकडून आणा. त्यांनी आणली आणि आम्ही प्यायलो.

मी तेव्हा अल्लीपूरच्या पुढे, वर्धा नदीच्या काठावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होतो. आमचा जिल्हा दारूबंदीचा. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथे परवान्याचं दुकान. मधे एक पूल. आमच्यासारखे पगारदार संध्याकाळी मोटरसायकलवर पूल ओलांडायचे, पिऊन यायचे आणि सकाळी व्यसनमुक्तीची शपथ द्यायला पोरांसमोर उभे राहायचे. ज्यांना पूल परवडत नव्हता ते काठावरच्या एका गोंड माणसाकडे जायचे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा त्याच्यामागे त्याच्याविषयी नको ते बोलून बसलो आहे. आता त्याचं नावही त्याला न विचारता वापरायची हिंमत होत नाही.

तो काही साधाभोळा नव्हता. कापूस वेचायला जायचा, मासे धरायचा, उन्हाळ्यात मोहफुलं गोळा करायचा आणि त्यांची दारू गाळायचा. स्वतःच्या देवासाठी, स्वतःसाठी आणि विकायलाही. जिभेने तिखट. कामाचा शब्द द्यायचा आणि विसरायचा. पण त्याच्या मोहाला जी चव होती ती दुकानातल्या बाटलीत नव्हती, म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या मटणाच्या बेतासाठी मी दरवर्षी त्याच्याकडेच सांगायचो.

त्या वर्षी घरची दुधाची निळी डबकी घेऊन गेलो तेव्हा त्याने विचारलं, "गुरुजी, दारू वाईट हाय असं तुमी पोराईले शिकोता ना?"

"शिकवतो."

"चांगलं करता. मंग ही पुरी भरू का अर्धी?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोलिसांची मोहीम निघाली. सणाआधी ती निघायचीच. शाळेच्या फाटकात जीप थांबली आणि ओळखीचा हवालदार म्हणाला, "गुरुजी, पंच पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे." मी आधीही पंच झालो होतो. पंच म्हणजे जप्ती आपल्या डोळ्यांसमोर झाली असं सांगणारा गावातला भला माणूस. सरकारी नोकराला नाही म्हणणं जड जातं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. कोणाच्या घरी जायचं ते मी विचारलं नाही. जीप नदीकडे वळली तेव्हा समजलं.

त्यांनी सडवा, म्हणजे भिजवून आंबवलेली मोहफुलं, माठांसकट अंगणात ओतला. कोंबड्या त्यात चोची मारू लागल्या. मग एका शिपायाने खाटेखालून निळी डबकी ओढून काढली. तिच्या कडीला जांभळी चिंधी होती. दूधवाल्याकडे डबक्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून माझ्या बायकोने बांधलेली.

"ही कोणासाठी भरून ठेवली रे?" ठाणेदाराने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाला, "देवासाठी."

"एवढी मोठी?"

"देव मोठा हाय, साहेब."

सगळे हसले. मीही हसलो. आणि जप्ती माझ्यासमोर झाली म्हणून सही केली. ती सही खोटी नव्हती, हेच वाईट. घरी बायकोने डबकीचं विचारलं, तर हरवली म्हणालो. तिने नवीन आणली आणि तिच्या कडीला तसलीच चिंधी बांधली.

इथवर असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. पण त्याच्यावर आधीच्या केसेस होत्या आणि साहेबांना त्याला जिल्ह्याबाहेर काढायचं होतं. तडीपारीसाठी नुसती दारू पुरत नाही. माणूस धोक्याचा आहे, लोक त्याला भितात, असं गावातल्या कोणीतरी सांगावं लागतं. सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. ज्याला हाकलायचं त्यालाही ते कधी कळत नाही. ठाणेदाराने मला बोलावलं, चहा मागवला, म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाच्या शब्दाला वजन आहे. गावात त्याची दहशत आहे की नाही?"

मी त्या दिवसापासून नीट झोपत नव्हतो. तो कधी चिडून डबकीचं बोलला तर? निलंबन, चौकशी, पेपरात बातमी. मास्तर असून दारूबंदीच्या जिल्ह्यात. तो गावात नसला तर बरं, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी म्हणालो, "आहे." ते अगदीच खोटं नव्हतं. गावात त्याला भिणारा एक माणूस होता, तो मी.

दोन वर्षं जिल्ह्याबाहेर, असा हुकूम निघाला. तो नदीपलीकडे गेला आणि बरोबर समोर झोपडी बांधली. घाटावर उभं राहिलं की त्याचा धूर दिसायचा.

त्याची बायको म्हाताऱ्या सासूला घेऊन इकडेच राहिली. ती माझ्याचकडे आली. "गुरुजी, तुमी संग चाला. तुमचं आयकते ते लोकं." नाही कसं म्हणणार? मी तिच्यासोबत गेलो. आधी सत्तेतल्या पुढाऱ्याकडे. तो म्हणाला, "बाई, दारूबंदी हा या जिल्ह्याचा मान आहे, त्याला हात लावता येत नाही." त्याच्या मागच्या खोलीतून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. मग विरोधातल्याकडे. हा चांगला तापला. पोलिसराज आहे, गरिबांवर जुलूम आहे, आमचं सरकार येऊ द्या. पुढे त्यांचं सरकार आलं. पुन्हा गेलो तर तोच माणूस शांतपणे म्हणाला, "कायदा आपलं काम करतो. आम्ही कुठं मधे पडावं?" तिसरे एक होते, गरिबांच्या बाजूने मोर्चे काढणारे. मला वाटलं, हे तरी. ते म्हणाले, "व्यसनाने कष्टकऱ्याचा लढा दुबळा होतो. उलट बंदी आणखी कडक पाहिजे."

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "तिघाईचे झेंडे अलग अलग हायत ना, गुरुजी?"

"हो."

"बोलनं तं एकच करून राह्यले."

निवडणुकीत मतदान केंद्रावर त्याच्या, तिच्या, सगळ्यांच्या बोटाला शाई लावणारा मीच होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, प्रश्न एवढाच आहे की दंडा कोणाच्या हातात असावा. चांगल्या माणसाच्या हाती गेला की झालं. घरी, शाळेत, चहाच्या टपरीवर आम्ही याच्यावरच भांडायचो. तो दंडा मुळात केवढा लांब असावा, माणसाच्या खाटेखालपर्यंत पोचावा का, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. ज्याच्या हाती येतो त्याला तो आखूड वाटतो. येताना थोडा वाढवतो, आणि जाताना कोणी कापून जात नाही.

दारूने घरं मोडतात हे मला माहीत आहे. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा नवरा पिऊन त्यांना मारायचा. तडीपारीचा आनंद त्यांना तरी झाला असेल असं समजून मी एकदा बोललो, तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, मले दारू बंद पायजे, आजबी पायजे. पन माहा नवरा माराचं काऊन सोडन? तो आता पुलाकून पिऊन येते. मारलं म्हून त्याले एक दिवस तरी कोनी नेलं काय?"

मग उन्हाळ्यात त्याची आई वारली. तडीपार माणसाला यायचं तर परवानगी लागते. अर्ज घेऊन मीच तहसिलीच्या गावी गेलो. साहेब दौऱ्यावर होते, बाबू म्हणाला उद्या या. उन्हात प्रेत किती ठेवणार? त्यांच्या रीतीप्रमाणे नदीकाठच्या त्यांच्या जागेत माती द्यायचं ठरलं. तो पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. नदीत पाणी जेमतेम गुडघ्याएवढं. तो पाण्यात शिरला आणि मधल्या वाळूपाशी थांबला. तिथून पुढे आमचा जिल्हा.

बंदोबस्ताला एक शिपाई होता, पोरसवदा, कुठल्यातरी दूरच्या गावचा. त्याने टोपी काढून डोकं पुसलं आणि हळूच मला म्हणाला, "सर, मी जरा झाडाखाली पाणी प्यायला जातो. तिकडं मला काही दिसत नाही. तुम्ही जबाबदार माणूस आहात, तुम्ही फक्त हो म्हणा."

एवढंच म्हणायचं होतं. हो. सगळ्या सरकारांनी, सगळ्या पक्षांनी मिळून त्याच्या हातची माती आईच्या अंगावर पडायला जी मनाई केली होती ती त्या क्षणी एका तहानलेल्या पोराच्या आणि माझ्या हातात उरली होती. आणि मला दिसलं ते एवढंच की तो येईल, माझ्यासमोर उभा राहील आणि माझ्याकडे पाहील, डबकीच्या वेळी पाहिलं होतं तसं. मी म्हणालो, "नियम आहे बाबा, तुझ्या नोकरीचा प्रश्न येईल."

शिपायाने टोपी पुन्हा घातली. तिकडे मधल्या वाळूत उभं राहून मुलाने मूठभर रेती आमच्या दिशेने टाकली. ती पाण्यात पडली. कोणी रडलं त्याचा आवाज पलीकडे गेला असेल. नदी तेवढी रुंद नाही.

सरकार म्हणजे कोण, असं कोणी विचारलं तर मला मुंबईतली इमारत आठवत नाही, टोपीतला शिपाईही नाही. त्या घाटावर पांढरा शर्ट घालून उभा असलेला मी आठवतो.

मुदत संपल्यावरही तो परत आला नाही. बायकोलाही तिकडेच नेलं. माझी बदली झाली, मी सिंदी मेघेला घर बांधलं. गेल्या वर्षी एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो तेव्हा पूल ओलांडून त्याच्याकडे गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. तो दारातच जाळं शिवत बसला होता. म्हणाला, "या गुरुजी. घेता काय? इथं सरकारी शिक्क्याची भेटते. इकडच्या काठाले तेच सरकार इकते, तिकडच्या काठाले तेच सरकार मारते. मासोईले कोनी सांगतलं का नाई, कोन्या बाजूनं पोहाचं?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. त्याने बाटली उघडली नाही.

"फुलं येचाले गेलो तं जंगलवाला पकडते," तो म्हणाला. "बैल म्हातारा झाला, इकाले नेला, तं गाईवाले आडवे आले, त्याईचा कायदा. मोहावर तं पयल्यापासूनच. कोनं कोनता आनला ते मले ठाव नाई. मले एवढं ठाव हाय, सोडून कोनीच देल्लं नाई." मग जाळ्याकडे बघत, सुई न थांबवता, "ती डबकी कोनाची व्हती ते म्या कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं काय झालं असतं? मले हाकललं. तुमाले बदली देल्ली असती."

"तसं नाही," मी म्हणालो.

"मंग कसं?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. गुप्त जबाबाचं त्याला माहीत आहे की नाही ते मला त्या नजरेवरून कळलं नाही. आजही कळत नाही. तोंडात शब्द होते. मी त्याला विचारलं, मासे कसे मिळतात यंदा. त्याने सांगितलं, बरे मिळतात. त्याची बायको चहा घेऊन आली. गुरुजींनी आमच्यासाठी किती चपला झिजवल्या, असं ती शेजारणीला सांगत होती. मी तो चहा प्यायलो.

निघताना तो पुलापर्यंत आला. "येजो कधी," म्हणाला, पोराला म्हणावं तसं.

हे लिहिल्याने काही फिटत नाही, हे मला कळतं. कागदावर खरं बोलायला मी कधीच घाबरलो नाही, माणसासमोर घाबरलो. ती डबकी माझी होती हे त्याच्या बायकोसमोर सांगणं, आणि लोक तुला भितात असं सांगणारा मी होतो हे त्याच्या तोंडावर सांगणं, हे दोन्ही अजून माझ्याकडे बाकी आहे. आईची माती मी त्याला देऊ शकत नाही. तीही बाकी आहे.