वाडीवाल्या काकींचं फ्रेंच

फोन ओळखीच्या माणसाचा असो, नाहीतर रोज शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माझा, काकी तो उचलून आधी ओरडत, "कोन बोलतं?" आवाज असा की पलीकडच्याला क्षणभर आपण नेमके कोण याचीच शंका यावी. मी तो पहिल्यांदा ऐकला वसईच्या कम्युनिटी कॉलेजात, फ्रेंचच्या पहिल्या तासाला. साठी उलटलेली बाई, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, कुणा मुलीची आजी डबा द्यायला आली असेल. बाई थेट पहिल्या बाकावर बसल्या आणि मिसना खणखणीत "बोंजूर" म्हणाल्या. मिसच्या हातातला खडू पडला.

मी तिथं कसा, तेही सांगतो. नोकरी संपल्यावर एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये बसून मी बायकोच्या भाज्यांना नावं ठेवू लागलो, तेव्हा तिनंच मला संध्याकाळच्या वर्गात नेऊन घातलं. फ्रेंच आणि भूगोल असा जोड अभ्यासक्रम होता. मला गोडी भूगोलाची. फ्रेंच गळ्यात पडलं म्हणून घेतलं. त्यात मला धक्के सोसत नाहीत, आणि जागा मिळाली ती काकींच्या शेजारी.

फ्रेंच हळुवार बोलायचं, नाकातून, असं मिसनी परोपरीनं सांगून पाहिलं. काकी आपल्या केळी-मोगऱ्याच्या वाडीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशा बोलत. चुकायची लाज त्यांना नव्हतीच. आम्ही बाकीचे वाक्य मनात तीनदा घोळवून शेवटी गिळून टाकायचो. काकी मला म्हणायच्या, "तोंडातल्या तोंडात बोललं तर तिकडंवर पोचेल कसं?" तिकडं म्हणजे फ्रान्सला. त्यांचा मुलगा तिथं होता, एवढंच आम्हाला माहीत. त्याच्याबद्दल विचारलं की म्हणत, "तिकडंच असतो," आणि पिशवीतून सुकेळी काढून वाटायला लागत. एकदा त्यांनी सुकेळीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते विचारलं. तसला शब्दच नाही, असं मिस म्हणाल्या, तर काकी हादरल्याच. राजेळी केळं वाळवून खाणं ज्यांना ठाऊक नाही ते लोक हिवाळ्यात जगतात कशावर, हे त्यांना कळेना.

भूगोलाच्या तासाला मात्र त्या गप्प असत. एके दिवशी सरांनी पृथ्वीगोलावर टॉर्चचा उजेड पाडून दिवस-रात्र समजावली. काकींनी हात वर केला. पहाटे आपण कळ्या खुडतो तेव्हा फ्रान्समध्ये किती वाजतात, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, मध्यरात्र उलटलेली असते. काकींचा चेहरा पडला. "म्हंजे मी रोज नातीला झोपेतून उठवत होते," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. नात आहे हे मला तेव्हा कळलं.

तोंडी परीक्षा वर्गातच, सगळ्यांसमोर झाली. प्रश्न सोपा होता, आपल्या कुटुंबाबद्दल सांगा. काकी उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मों फीस ए मोर." माझा मुलगा मेला आहे. पुढचं वाक्यही त्यांनी बरोबर म्हटलं, नात आणि सून आहेत. आणि खाली बसल्या. वर्षभर ज्या बाईच्या हातची सुकेळी खाल्ली, तिच्या घरात हे घडलंय याचा मला पत्ता नव्हता.

खाली उतरताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं. मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. सून तिकडचीच, तो होता तेव्हा फोनवर मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचा. तो गेल्यावर कधी सून फोन करायची, कधी पहाटे काकीच लावायच्या, दोघी नुसत्या रडायच्या आणि ठेवून द्यायच्या. असंच चाललं तर फोन बंद होतील आणि नात कायमची तुटेल, या भीतीनं त्यांनी कॉलेज गाठलं होतं. मी विचारलं, काकी, आम्हाला कधी बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, "आपल्या भाषेत ते तोंडातून निघतच नाही. त्यांच्या भाषेत निघालं."

पुढे एकदा दुपारी मी त्यांच्या वाडीत गेलो होतो. काकी मोबाइल उंच धरून नातीला केळी, विहीर, पाटाचं पाणी दाखवत होत्या. व्याकरणाचा पार चुराडा चालला होता, पण पडद्यावर सून हसत होती. पोरगी आजीच्या मागोमाग काहीतरी म्हणत होती. पंपाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मला फार बरं वाटलं, आणि काकींचा हेवाही वाटला.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काकी सकाळी वाडीत पडल्या, त्या उठल्याच नाहीत. पुढचा धक्का वेगळाच होता. फ्रान्सला कळवायचं होतं, सुनेला मराठी येत नाही, पुतण्याचं इंग्रजी तिला कळेना, घरात फ्रेंच येणारं माणूस एकच होतं आणि तेच गेलं होतं. "तुम्ही बोला, काका," तो म्हणाला.

वाडीत पोचेपर्यंत मी काकींचंच वाक्य घोळवत होतो, मुलाच्या जागी त्यांचं नाव घालून. तोंडातल्या तोंडात नाही, स्पष्ट बोलायचं, असं मनाला बजावत होतो. दुपार झाली तेव्हा काकींच्याच मोबाइलवरून फोन लावला. पलीकडे उचलला गेला, आणि मी तोंड उघडायच्या आत एक लहानगा आवाज वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला जावा तसा आला.

"कोन बोलतं?"

माझं फ्रेंच विरून गेलं. मी तुझ्या आजीच्या वर्गात होतो, एवढं कसंबसं मराठीत म्हणालो. ती खुशीत आली.

"आजी पानी घालते?"

मला मराठीतही ते वाक्य म्हणता येईना. म्हणालो, "बाळा, आईला दे."

तिला ते कळलं. तिनं फोन आईकडे दिला.